अंगावर घातलेले घर

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात ग्रँट्स पास नावाचे सुमारे ३८ हजार वस्तीचे गाव आहे. सार्वजनिक जागी ‘तळ ठोकण्यास’ मनाई करणारे नियम या गावाच्या नगरपालिकेने केले आणि तळ म्हणजे काय हे सांगताना अंथरूण-पांघरुणाचा स्पष्ट समावेश केला. उद्यानातील बाकावर कोणी नुसता बसला तर तो नागरिक. त्यानेच थंडी वाजते म्हणून अंगाखाली कांबळे पसरले आणि तेथेच रात्र काढावयाचे ठरविले, की तो अपराधी. पहिला दंड २९५ डॉलरचा. तो न भरल्यास ५०० डॉलरच्या वर. नियम पुन्हा पुन्हा मोडणाऱ्यास ३० दिवसांपर्यंत कैद. ज्याच्यापाशी रात्रीच्या निवाऱ्यापुरतेही पैसे नाहीत, त्याच्याकडून हा दंड वसूल कसा व्हावयाचा, हा प्रश्न नगरपालिकेला पडला नाही. कारण दंड वसूल व्हावा हा हेतू नव्हताच, माणूस गावातून निघून जावा हा होता. २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने निर्णय दिला, की हे नियम राज्यघटनेने मना केलेल्या क्रूर व असाधारण शिक्षेत मोडत नाहीत. न्या. सोनिया सोटोमायोर यांनी आपल्या भिन्नमतपत्रिकेत झोप ही शरीराची गरज आहे याची सहकारी न्यायमूर्तींना आठवण करून दिली. जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायासनाला ही गोष्ट सांगावी लागावी, यातच त्या राष्ट्राचे पुष्कळसे अर्थशास्त्र आले. त्याच वर्षीच्या जानेवारीत एका रात्री झालेल्या सरकारी मोजणीत त्या देशात ७ लाख ७१ हजारांहून अधिक माणसे बेघर आढळली होती.

ज्या पांघरुणाला कायद्याने तळ ठरविले, तेच पांघरूण गेली तीसएक वर्षे पॅरिस, टोकियो आणि लंडन येथील फॅशनच्या व कलेच्या दालनांत मोठ्या कौतुकाने मांडले जात आहे. उलगडला की तंबू होणारा कोट, पाय आत घेतले की झोपण्याची पिशवी होणारे जाकीट, कमरेला बांधता येणारे मेज, असे हे रूप पालटणारे कपडे. त्यांची प्रेरणा शहरातील बेघर माणूस, निर्वासित, विस्थापित ही आहे असे त्यांचे कर्ते सांगतात. पक्षाच्या साप्ताहिकाने फॅशनवर अग्रलेखाचे रकाने खर्ची घालावेत काय, अशी शंका काही जुन्या वाचकांना येईल. अन्न, वस्त्र, निवारा ही तीन मागण्यांची माळ समाजवादी चळवळीने पिढ्यान्‌पिढ्या जपली. या कपड्यांमध्ये दुसरी मागणी तिसऱ्या मागणीच्या जागी येऊन बसू पाहत आहे. घर देता येत नाही, तर घराइतका कोट देऊ, अशी ही अदलाबदल आहे. तिचा विचार फॅशनच्या पानावर होणार नाही. तो येथेच व्हावयास हवा.

या प्रयोगांतील काही कर्त्यांचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या आणि फॅशनचे शिक्षण घेऊन पॅरिसला स्थायिक झालेल्या ल्यूसी ओर्टा यांनी १९९२ पासून ‘रेफ्यूज वेअर’ या नावाने असे पोशाख करण्यास प्रारंभ केला. १९९१ चे आखाती युद्ध, त्यातून रस्त्यावर आलेले कुर्द निर्वासित आणि त्याच सुमारास आलेल्या मंदीने पॅरिसच्या पदपथांवर आणून टाकलेली माणसे, ही त्यामागची पार्श्वभूमी. चंदीगडमुळे आपल्याकडे परिचित झालेल्या ल कार्बुझिए या वास्तुकाराने पॅरिसमध्ये मुक्तिफौजेसाठी बेघरांचे एक आश्रयस्थान बांधले होते. ते १९३३ साली खुले झाले. त्याच वास्तूत १९९५ साली ओर्टा यांनी तेथील रहिवाशांसह कार्यशाळा घेतली आणि दानात आलेल्या जुन्या कपड्यांतून नवे कपडे शिवून घेतले. टोकियोत इस्सेइ मियाके यांच्या कार्यशाळेत तयार झालेल्या कोसुके त्सुमुरा यांनी १९९४ साली ‘फायनल होम’, म्हणजे शेवटचे घर, या नावाचा नायलॉनचा कोट बाजारात आणला. त्याला चाळीसहून अधिक खिसे. त्यांत वर्तमानपत्रांचे बोळे भरले की ऊब राहते, खाण्याचे जिन्नस भरले की शिदोरी होते. जपानमधील जमिनीच्या व शेअरच्या भावांचा फुगा नुकताच फुटला होता. आयुष्यभराच्या नोकरीची हमी असलेल्या देशात कामगार स्थानकांवर पुठ्ठ्याच्या खोक्यांत झोपू लागले होते. जानेवारी १९९६ मध्ये टोकियोच्या शिंजुकू स्थानकातील ही पुठ्ठ्याची वस्ती नगरशासनाने पोलिसांच्या मदतीने उठविली, तेथे सरकता पदपथ बसवावयाचा होता म्हणून. चालणाऱ्यांना चालावे लागू नये यासाठी बसलेल्यांना उठविण्यात आले.

फेब्रुवारी २००० मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात हुसेन चालायान यांनी मांडलेला प्रयोग या सर्वांत अधिक गाजला. रंगमंचावर एक साधी बैठकीची खोली. मुली येतात, खुर्च्यांची आवरणे काढून अंगात घालतात, खुर्च्या मिटवून त्यांच्या पेट्या करतात. अखेरची मुलगी गोल लाकडी मेजाच्या मध्यभागी उभी राहते, ते वर ओढते आणि त्याचा घागरा होतो. खोली रिकामी. चालायान हे निकोसियाचे, तुर्की सायप्रियट कुटुंबातले. १९७४ च्या फाळणीत आणि त्याआधीच्या दंगलींत घर सोडून पळालेल्यांच्या गोष्टी ऐकत ते वाढले. कोसोवोच्या युद्धाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. घर सोडण्याच्या घटकेला हाती काय घ्यावे, हा फाळणी पाहिलेल्या या उपखंडालाही ओळखीचा प्रश्न त्यांनी एका शब्दाविना मांडला. ज्यांनी न्यूयॉर्कमध्ये १९८८-८९ साली बाटल्या-डबे गोळा करणाऱ्या बेघरांशी चर्चा करून त्यांच्यासाठी चाकांची राहती गाडी तयार केली, त्या क्षिश्तोफ वोदिच्को यांनी तर आपली गाडी हा बेघरपणावरील उपाय नव्हे हे स्वतःच स्पष्ट केले होते.

पण चालायान यांच्या प्रयोगाच्या अवघ्या काही आठवडे आधी, जानेवारी २००० मध्ये, पॅरिसमध्ये याच विषयाचे दुसरे रूप दिसले. द्योर या पेढीचे तेव्हाचे मुख्य रचनाकार जॉन गॅलियानो सेन नदीच्या काठाने धावावयास जात. तेथे त्यांना बेघर माणसे दिसली. त्या दर्शनाचे फलित म्हणून त्यांनी फाटक्या रेशमाचे, वर्तमानपत्राचा छाप असलेल्या कापडाचे, कमरेला दारूच्या रिकाम्या बाटल्या आणि पत्र्याचे पेले लटकावलेले अतिमहाग पोशाख सादर केले. बेघरांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या लोकांनी पेढीच्या दारात निदर्शने केली, पोलीस आले, वर्तमानपत्रांत वाद झाला. पुढे काय झाले? ते वर्तमानपत्रछाप कापड त्या पेढीची प्रसिद्ध खूण ठरले आणि उत्तम खपले. निषेधसुद्धा जाहिरातीच्या खात्यात जमा करण्याची भांडवलशाहीची ताकद ज्यांनी ओळखली नाही, त्यांनी हा एक प्रसंग नीट अभ्यासावा. ज्या समूहाकडे ही पेढी आहे त्याचे प्रमुख बर्नार आर्नो हे २०२३ च्या ‘फोर्ब्स’च्या यादीत २११ अब्ज डॉलरच्या संपत्तीसह जगातील पहिल्या क्रमांकाचे श्रीमंत होते. २०२२ साली बालेन्सियागा या दुसऱ्या एका नामांकित पेढीने मुद्दाम फाडून मळवलेले कापडी बूट १,८५० डॉलरना विकावयास काढले. ज्याच्याकडे फाटका बूट आहे त्याला तो टाकून देता येत नाही. ज्याला तो कधीही टाकता येईल, त्यालाच तो विकत घेण्याची हौस येते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक जुना कोट आठवणे अपरिहार्य आहे. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्याच प्रकरणात मूल्याची चर्चा केली ती वीस वार कापड आणि एक कोट या उदाहरणाने. हे उदाहरण त्याने हवेतून आणलेले नव्हते. फेब्रुवारी १८५२ मध्ये त्याने एंगल्सला लिहिलेल्या पत्रात कोट गहाण पडल्यामुळे घराबाहेर पडता येत नसल्याची हकीकत आहे. कोट नाही, म्हणून वाचनालय नाही. वाचनालय नाही, म्हणून लेखन नाही. लेखन नाही, म्हणून कोट सोडवण्यास पैसे नाहीत. कोटाचे उपयोगमूल्य ऊब हे आहे, आणि त्याचे विनिमयमूल्य गहाणवट्याच्या वहीत लिहिलेले असते, हे तो अंगावरून शिकला होता. रूप पालटणाऱ्या या कपड्यांत उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांची ताटातूट पराकोटीला जाते. कोटाची कल्पना बेघराच्या निकडीतून येते, किंमत मात्र जो कधीच बेघर होणार नाही त्याच्या ऐपतीवरून ठरते. बेघराचा त्यात वाटा एवढाच, की तो विषय पुरवितो. कच्चा माल पुरविणाऱ्या वसाहतीला जसा मालाचा भाव मागण्याचा अधिकार नसे, तसा त्यालाही नाही.

आणखी एक बाब सहज नजरेआड होते. हे पोशाख चकचकीत असतात, रुपेरी मुलामा दिलेले, भडक रंगांचे. दृष्टीआड झालेल्या माणसाला दिसते करणे, हा त्यांचा घोषित हेतू आहे. दालनातील प्रेक्षकाच्या दृष्टीने तो योग्यही असेल. पण पदपथावर झोपणाऱ्या माणसाला रात्री दिसावयाचे नसते. दिसला की काठी येते, पावतीपुस्तक येते, बाईमाणूस असेल तर याहून वाईट काही येते. म्हणून तो मातकट रंगाचे पटकूर ओढून भिंतीला लागून निजतो. त्याला दिसावयाचे असते ते दुसरीकडे: मतदारयादीत, शिधापत्रिकेच्या वहीत, महापालिकेच्या गणनेत. मुंबईच्या भायखळा भागातील पदपथांवरील कुटुंबांची पाहणी ‘स्पार्क’ या संस्थेने १९८५ साली प्रसिद्ध केली, तिला ‘आम्ही, अदृश्य’ अशा अर्थाचे नाव दिले होते, ते यासाठीच. जनगणनेतसुद्धा ही माणसे घराच्या रकान्यात बसत नव्हती. रस्त्यावर अदृश्य राहावे आणि नोंदवहीत दृश्य व्हावे, ही त्यांची गरज. फॅशन नेमके याच्या उलट करते.

शिवाय, ज्याला आज नवे म्हणून मिरविले जाते ते कापडाचे रूपांतर गरिबाच्या घरात कधीच नवे नव्हते. धनगराची घोंगडी घ्या. रात्री अंथरूण, पहाटे पांघरूण, दिवसा खांद्यावरची घडी, पावसात डोक्यावरून घेतलेली खोळ, बाजाराच्या दिवशी धान्य बांधावयाची मोट, पाहुणा आला तर त्याला बसावयाचे आसन. शेतकऱ्याचे मुंडासे विहिरीवर पोहऱ्याचा दोर होई. लुगडे विरले की दोन लुगड्यांची धड अंगे जोडून दंड घालीत. दंडही फाटला की त्याची झोळी होऊन त्यात मूल निजे. झोळी फाटली की वाकळेत जाई. वाकळेच्या चिंध्यांचे शेवटी पोतेरे होई. एका वस्त्राचे सहा-सात जन्म. या रचनेवर कोणाची सही नव्हती, म्हणून ती रचना म्हणून ओळखली गेली नाही. मात्र या वस्त्रांविषयी हळवे होऊन चालणार नाही. घोंगडी खांद्यावर टाकून फिरणाऱ्या मेंढपाळाला पावसाळ्यात परतावयाचे गाव असे, चराऊ रान असे. घोंगडी त्याच्या घराची पूरक होती. दंडाचे लुगडे तर दारिद्र्याची खूणच होती, आणि ते नेसणाऱ्या एकाही बाईने त्याला कला म्हटले नसेल.

महाराष्ट्राने चिंध्यांचा आणखी एक उपयोग पाहिलेला आहे. गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) जन्मभर ठिगळांचा अंगरखा घातला. तो पाहून कोणी हसले, कोणी पाया पडले. बाबांनी दोघांनाही हातात खराटा दिला. पण त्यांच्या चिंध्यांतून जे निर्माण झाले ते पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथील धर्मशाळांच्या रूपाने: दगड-विटांच्या, छप्पर असलेल्या, जेथे परटाला, महाराला, विधवेला रात्री पाठ टेकता येत असे. स्वतःसाठी त्यांनी एक झोपडीही बांधली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. दादरला त्यांच्या नावाने पुढे उभ्या राहिलेल्या धर्मशाळेत आजही कर्करोगाच्या रुग्णांचे नातलग उतरतात. नाहीतर त्यांची जागा परळच्या रुग्णालयाबाहेरील पदपथावर आहे, आणि कित्येकांची ती तेथेच असते. निवारा आणि अंगरखा यांतले अंतर त्या निरक्षर माणसाला जितके स्पष्ट कळले होते, तितके ते पॅरिसच्या पदवीधरांना कळलेले दिसत नाही.

डेट्रॉइटचे उदाहरण मात्र वेगळे आहे, आणि त्याची थट्टा करणे अन्यायाचे होईल. मोटारींच्या कारखान्यांचे हे शहर. १९५० साली लोकसंख्या साडेअठरा लाख, २०१० साली ती सात लाखांच्या थोडी वर. २०१३ मध्ये तर शहराने दिवाळखोरीच जाहीर केली. तेथील कलामहाविद्यालयात शिकणाऱ्या व्हेरोनिका स्कॉट या विद्यार्थिनीने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून २०१० च्या सुमारास झोपण्याची पिशवी होणारा कोट तयार केला. एका निवाऱ्यातील बाईने तिला संतापून सुनावले, की कोट नको, काम हवे. या तरुणीचे वैशिष्ट्य असे, की तिने ते ऐकले. निवाऱ्यांत राहणाऱ्यांना, मुख्यतः मुलेबाळे असलेल्या स्त्रियांना, तिने पगारावर शिवणकामास ठेवले. पगारी वेळेपैकी सुमारे ६० टक्के वेळ शिवणकामाचा, उरलेला शिक्षणाचा आणि घर-कागदपत्रांच्या खटपटीचा. हजारो कोट तयार होऊन विनामूल्य वाटले गेले आणि तेथे काम करणाऱ्या कित्येक बाया निवाऱ्यातून स्वतःच्या भाड्याच्या घरात गेल्या. यांतील कोणती गोष्ट महत्त्वाची? कोट मिळालेला माणूस कोट घालून रस्त्यावरच राहिला. कोट शिवणारी बाई घरात गेली. तिला घरात नेले ते कोटाच्या रचनेने नव्हे, वेतनाने. गोष्ट इतकी साधी आहे की तिला कोणते पारितोषिक मिळण्यासारखे नाही.

तरीही त्या प्रयोगाची मर्यादा त्याच शहराने सांगितली. वस्त्रासाठी लागणारे उबदार अस्तर मोटारकंपन्यांच्या कारखान्यांतील उरलेल्या मालातून देणगी म्हणून येत असे. म्हणजे जे उद्योग हजारोंना काम देत होते आणि ज्यांनी ते काम काढून घेतले, त्यांच्याच उरल्यासुरल्यातून बेकारांच्या अंगावरचा कोट तयार झाला. देणगीचा हिशेब ठेवताना काढून घेतलेल्याचा हिशेबही समोर ठेवावा लागतो.

तो हिशेब मुंबईत मांडावयाचा तर गिरणगावापासून सुरुवात करणे भाग आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाची कहाणी या पृष्ठाच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. पुढे १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन हिस्से ठरविले: एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ साली नियमात फेरबदल झाला आणि हा हिस्सा केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीवर लागू झाला. गिरणीच्या इमारतीखालची जमीन त्यातून सुटली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला. एका शब्दाच्या अर्थाने शेकडो एकरांचे भवितव्य बदलले. घरासाठी अर्ज केलेल्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांपैकी व त्यांच्या वारसांपैकी फार थोड्यांच्या हाती आजवर किल्ली पडली आहे. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात, जेथे कापड निघत असे, तेथे आता परदेशी नावांचे कपडे विकले जातात. आणि ३० मार्च २०२३ रोजी, ज्या द्योरने सेनकाठच्या बेघरांना पोशाखात बसविले होते, तिनेच गेटवे ऑफ इंडियासमोर आपला संग्रह सादर केला. पार्श्वभूमीला मुंबईच्या कारागिरांनी विणलेले-भरलेले प्रचंड तोरण होते. भरतकामाचे श्रेय मुंबईला जाहीरपणे दिले गेले, ही चांगली गोष्ट. मात्र पोशाखाच्या किमतीतील किती पैसे सुई धरणाऱ्या हातात पडतात, हा प्रश्न तोरणाच्या शोभेने मिटत नाही.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले. त्यांतील ९ लाख ३८ हजार शहरांत. महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार, बृहन्मुंबईत ५७ हजारांच्या आसपास. एका रात्रीत, अंधारात, पोलिसांना भिणाऱ्या माणसांची केलेली ही मोजणी अपुरी आहे हे कोणीही कार्यकर्ता सांगेल. त्यानंतरची जनगणना २०२१ साली व्हावयाची होती, ती लांबली. म्हणजे आज जे आकडे आहेत ते पंधरा वर्षांपूर्वीचे. पण त्याच जनगणनेतील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. शहरी भारतात त्या वेळी सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी होती. शहरांतील एकेका बेघर माणसामागे अकरा-बारा रिकामी घरे. जागा नाही, हे कारण येथे टिकत नाही. घर राहण्यासाठी नव्हे तर भाव वाढेपर्यंत बंद ठेवण्यासाठी बांधले जाते, तेव्हा बेघरपणा हा टंचाईचा परिणाम राहत नाही. तो गुंतवणुकीचा परिणाम होतो. अशा बाजारात कोटाची कितीही कुशल घडी घातली तरी तिचा घरभाड्यावर परिणाम होणार नाही.

न्यायालयांचा अनुभव संमिश्र आहे. जुलै १९८१ मध्ये, भर पावसात, मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथांवरील लोकांना मुंबईबाहेर धाडण्याचा हुकूम सोडला. त्याविरुद्ध झालेल्या, ऑल्गा टेलिस या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले, आणि त्याच निकालात रीतसर सूचना देऊन, पावसाळा संपल्यावर, या लोकांना हलविण्यास मुभाही दिली. तत्त्व गरिबाला मिळाले, पदपथ महापालिकेला. तरी ते तत्त्व पुढे कामास आले. २०१० पासून सर्वोच्च न्यायालयाने दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे एक, बारमाही, चोवीस तासांचा निवारा असावा असे आदेश दिले. केंद्राच्या २०१३ च्या योजनेने माणशी ५० चौरस फूट जागेचे मानही घालून दिले. सव्वा कोट वस्तीच्या मुंबईला या हिशेबाने सव्वाशे निवारे हवेत. महापालिका त्या संख्येच्या जवळपासही गेलेली नाही; आणि देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका म्हणून तिचा लौकिक आहे. निवाऱ्यांच्या स्थितीची तपासणी करण्यास नेमलेल्या समितीने २०१७ साली सांगितले, की राज्यांकडे निधी पडून आहे आणि निवारे उभे नाहीत.

फिनलंडने हा प्रश्न उलट बाजूने सोडवावयास घेतला. आधी घर, मग बाकीचे. व्यसन सुटले तर घर, काम मिळाले तर घर, अशा अटी नाहीत. २००८ पासून सरकारी कार्यक्रम म्हणून हे धोरण राबविले गेले. जुन्या रात्रनिवाऱ्यांच्या खाटा काढून त्याच इमारतींत लहान लहान स्वतंत्र सदनिका करण्यात आल्या, रहिवाशाच्या नावाने भाडेकरार झाले. १९८०-९० च्या दशकांत हजारोंच्या घरात असलेली बेघरांची संख्या २०२३ मध्ये साडेतीन हजारांच्या खाली आली. हिवाळा तेथे मुंबईपेक्षा कितीतरी कठोर. तरीही त्या देशाला कोटाचा तंबू करावयाचे सुचले नाही. २०२४ साली मात्र दीर्घ काळाने प्रथमच हा आकडा थोडा वाढला. मधल्या काळात उजव्या पक्षांचे सरकार आले होते आणि त्याने घरभाडे-भत्त्यांत कपात केली होती. कार्यकारणाचा याहून स्वच्छ पुरावा अर्थशास्त्राला क्वचित मिळतो.

पक्षाच्या शाखांतून दर डिसेंबरात ब्लँकेटे वाटली जातात. या कामाविषयी अलीकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक, की हे दानधर्माचे काम आहे, क्रांतिकारी पक्षाने ते करू नये. दुसरे, की हेच खरे काम आहे, बाकी सारे भाषण. पहिले मत मांडणारा सहसा रात्री दोन वाजता नाशिकच्या किंवा पुण्याच्या रस्त्यावर निजलेला नसतो. ज्याला थंडी वाजते त्याला थंडीचे तत्त्वज्ञान सांगून चालत नाही. दुसऱ्या मताचा धोका अधिक खोल आहे. ब्लँकेट दिल्यावर छायाचित्र निघते, छायाचित्र छापून आले की कार्यक्रम संपतो, आणि पुढच्या डिसेंबरात त्याच पदपथावर त्याच माणसाला नवे ब्लँकेट मिळते. मधल्या अकरा महिन्यांत त्याचे जुने ब्लँकेट बहुधा महापालिकेच्या गाडीत गेलेले असते. ग्रँट्स पासचे नियम वाचून हळहळणाऱ्यांनी आपल्या शहरातील अतिक्रमणविरोधी पथकाच्या गाडीत काय काय भरलेले असते, ते एकदा पाहावे. चूल, भांडी, मुलाचे दप्तर, गोधडी. अमेरिकेत ते नियमाने गुन्हा ठरविले गेले, येथे ते नियमाशिवायच जप्त होते. सप्टेंबर २०२३ मध्ये परदेशी पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून दिल्लीतील वस्त्या हिरव्या कापडामागे झाकल्या गेल्या, तेव्हा कापडाचे आणखी एक रूपांतर देशाने पाहिले: वस्त्राची भिंत.

तेव्हा ब्लँकेट वाटावे. पण वाटताना वही बरोबर न्यावी. कोण, किती दिवसांपासून, मूळ गाव कोणते, काम कोणते, मुले शाळेत जातात काय, शिधापत्रिका आहे काय, मागील वर्षभरात सामान किती वेळा उचलले गेले आणि पावती मिळाली काय. अशा पाचशे नोंदी एका प्रभागात झाल्या, की महापालिकेला आकडा नाकारणे कठीण जाते. भायखळ्याच्या पदपथावरील बायकांनी चाळीस वर्षांपूर्वी स्वतःची गणना करवून घेतली, ती पुढे महापालिकेशी आणि शासनाशी बोलणी करताना त्यांच्या हातात होती. जप्त सामान पावतीविना नेता येणार नाही आणि ते सोडविण्यास दंड लागणार नाही, ही मागणी प्रत्येक शाखेने आपल्या नगरपालिकेसमोर ठेवता येण्यासारखी आहे. तिला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. लाखाला एक निवारा हा तर न्यायालयाचा आदेशच आहे. तो कोणत्या प्रभागात, कोणत्या भूखंडावर, किती खाटांचा, हे नगरसेवकाला लेखी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत विचारीत राहावे. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक आणि नागपूर येथील शाखांनी आपापल्या शहराचा हिशेब मांडावा: लोकसंख्या किती, निवारे किती हवेत, आहेत किती, त्यांतील स्त्रियांसाठी व कुटुंबांसाठी किती. कुटुंबांसाठी निवारे जवळजवळ नाहीतच. नवरा एकीकडे, बायको-मुले दुसरीकडे असे होते, म्हणून माणसे निवाऱ्यापेक्षा पदपथ पत्करतात आणि मग ‘निवारा देऊनही येत नाहीत’ असा अहवाल लिहिला जातो. हे काम पावसाळ्यापूर्वी व्हावयास हवे. थंडीत निदान ब्लँकेट देणारे तरी येतात. जुलैच्या पावसात ओले झालेले ब्लँकेट कोणाच्या उपयोगाचे नसते, आणि त्या महिन्यात कोणी छायाचित्र काढावयासही येत नाही.